परतीचं कवच

रणजित थोरवडे मरायला निघाला तेव्हा गाडीत बसून काय बोलला, हे ऐकवायला विमा कंपनीच्या बाई घरी आल्या, तेव्हा खुद्द रणजित आतल्या खोलीत आडवा पडून कुस्त्या बघत होता. उजवा पाय प्लास्टरमध्ये, खांद्याला पट्टा, आवाज मात्र खणखणीत.

"कोण आलंय गं?" त्याने आतून विचारलं.

"विम्याच्या मॅडम आल्यात," वृषाली म्हणाली.

"चहा टाक की मग त्यांना."

मॅडमनी मात्र चहा नको म्हणून हाताने खूण केली आणि उठून मधलं दार हलकेच लोटून घेतलं. वृषालीला ते आवडलं नाही. स्वतःच्या घरातलं दार दुसऱ्याने लावलं की बरं काही ऐकायला मिळत नाही, एवढा अनुभव तिला होता.

मधुरा खर्डेकर हे त्यांचं नाव. 'निर्धास्त विमा' कंपनीत दावे तपासायच्या. तिशीच्या आतबाहेर, चेहरा गोड, आणि वाईट बातमी सांगायचं रीतसर प्रशिक्षण घेतल्यासारखा मऊ आवाज.

"थोरवडे सरांना यातलं काही कळू द्यायचं नाही, ताई. अशा केसमध्ये आधी घरच्या माणसाशी बोलायचं, असा आमचा नियम आहे."

"अशा म्हणजे कशा?"

मॅडमनी टॅबलेट टेबलावर ठेवला आणि बोट टेकवलं. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग पट्टा अडकल्याची खट्ट. मग एक उसासा, आणि पाठोपाठ रणजितचा आवाज. एकच शब्द.

"जातो."

घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही आणि कुणी विसरतही नाही. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेलाही 'येतो' म्हणतो, दोन वर्षांसाठी परदेशी निघालेलाही 'येतो' म्हणतो. चुकून तोंडातून 'जातो' निघालंच तर घरातलं कुणीतरी दटावतं, जातो काय, येतो म्हण. सोळा वर्षांच्या संसारात रणजितच्या तोंडून तिने हा शब्द कधी ऐकला नव्हता, भांडून निघाला तेव्हासुद्धा.

"मला दारात 'येतो' म्हणाले होते," ती म्हणाली. "मी स्वतः ऐकलंय."

"दारात म्हणाले असतील," मॅडम हळूच म्हणाल्या. "गाडीत हे म्हणाले."

गाडीने ते ऐकलं कसं, हे सांगायला हवं. मोटारीच्या विम्याचे पहिल्यापासून दोन भाग. एक सक्तीचा. तुमच्या गाडीने दुसऱ्या कुणाला लागलं, कुणाची भिंत पडली, तर त्याची भरपाई. हा विमा नसेल तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. दुसरा ऐच्छिक. तुमच्याच गाडीचं, त्यातल्या सामानाचं आणि तुमच्याच हाडांचं काही झालं तर. घ्या नाहीतर घेऊ नका, सरकारला त्याचं सोयरसुतक नाही. नव्या कायद्याने तर हे दोन भाग पार वेगळे करून टाकले होते. वृषाली म्हणायची, हे अगदी संसारासारखंच झालं. दुसऱ्याचं केलंच पाहिजे, स्वतःचं जमलं तर.

पूर्वी दोन्ही विमे वर्षाचे घेत. आता सक्तीचा भाग गाडीतच बसवलेला असे आणि तो संपला की गाडी जागची हलत नसे. ऐच्छिक कवच मात्र फेरीगणिक मिळे. गाडीत बसायचं, पट्टा लावायचा आणि निघतोय असं तोंडाने सांगायचं, की समोरच्या पट्टीतला मायक्रोफोन ते ऐकून कवच सुरू करी. लोक त्याला नुसतं 'कान' म्हणत.

कानाला शब्दांपेक्षा आवाजात जास्त रस होता. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या स्वरयंत्राच्या स्नायूंत एक बारीक थरथर चालू असते. ती आपल्याला ऐकू येत नाही, पण मनावर ताण आला की ती बदलते. श्वास कुठे तुटतो, शेवटचा स्वर किती लांबतो, तेही बदलतं. कंपनीने लाखो चालकांचे निघतानाचे आवाज गोळा केले, त्यांच्या फेऱ्यांचं पुढे काय झालं ते शेजारी मांडलं आणि सगळं यंत्राच्या पुढ्यात टाकलं. यंत्राने आपलं आपणच शोधून काढलं, की अपघात कोण करणार हे चालकाच्या वयावरून किंवा रस्त्यावरच्या खड्ड्यांवरून कळतं त्याहून जास्त त्याच्या पहिल्या वाक्यावरून कळतं. मराठी आवाजांत त्याला आणखी एक गोष्ट सापडली, जी त्याला कुणीही सांगितली नव्हती. ज्यांनी जाणूनबुजून गाडी आदळली होती, त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीही निघताना 'येतो' म्हणालं नव्हतं.

आणि माणसाने स्वतःहून करून घेतलेल्या इजेला ऐच्छिक कवच लागू पडत नाही.

"पण ते सांगतायत ना, गवा आडवा आला म्हणून," वृषाली म्हणाली.

रणजित आठवड्यातून एकदा कराडहून चिपळूणला जायचा. त्या दिवशी जाताना कुंभार्ली घाटात धुकं होतं. घाटात गाडी आपली आपण चालत नाही, तिथे चाक माणसाच्या हातात असतं. एका वळणावर रणजितने गाडी सरळ डोंगराच्या कातळावर घातली. समोर गवा होता, असं तो शुद्धीवर आल्यापासून सांगत होता. रेड्याच्या दुप्पट मोठा, रस्त्याच्या मधोमध, हलायला तयार नाही.

"कॅमेऱ्यात नुसतं पांढरं दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "रडारला काहीतरी लागलंय, पण ते धुकंही असू शकतं. आणि ताई, सरांनी ब्रेक मारला नाही. चाक वळवलं, ब्रेक मारला नाही."

"घाबरलेल्या माणसाला सुचतं होय सगळं?"

"खरंय. नुसतं तेवढंच असतं तर आम्ही मानलंही असतं. पण हा शब्द त्या एकाच दिवसाचा नाहीये." मॅडमनी पुन्हा बोट टेकवलं. दार, पट्टा, जातो. दार, पट्टा, जातो. कधी खोकला काढून, कधी जांभई देत, एकदा तर शीळ घालता घालता मधेच थांबून. "दिवाळीपासून. प्रत्येक फेरीला."

वृषालीने टॅबलेट पालथा घातला. तिला आणखी ऐकवेना.

मॅडमनी पुढचं सांगितलं ते तिने अर्धवटच ऐकलं. आत्मघाताचा प्रयत्न ठरला तर दवाखान्याचं आणि गाडीचं काहीही मिळणार नव्हतं. रणजितचा परवाना डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत थांबणार होता. ऐच्छिक कवच त्याला पुढे कुठलीच कंपनी देणार नव्हती. "तुमचा जबाब महत्त्वाचा आहे," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात येते मी. नीट आठवून ठेवा, वागण्यात काही बदल वाटला होता का."

पैशाचं कसंही निभावलं असतं. आयटीआयमध्ये ती शिवणकाम शिकवायची, पगार बरा होता. पण ज्याच्या शेजारी सोळा वर्षं झोपले त्या माणसाला मला टाकून जायचं होतं का, एवढं तिला कळायला हवं होतं. ते विम्याच्या कुठल्याही भागात बसत नव्हतं.

वागण्यात बदल? बदल तर होताच. रणजितची दातांची प्रयोगशाळा होती. डॉक्टर माप पाठवायचे, हा कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवून द्यायचा. शेजारी ठेवला तर खरा दात लाजेल असं काम. पण वर्षभरात एकेका डॉक्टरने छपाईचं यंत्र घेतलं आणि रोग्याच्या खुर्चीशेजारीच दात छापून निघायला लागले. रणजित त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. विचारलं तर "चाललंय" म्हणायचा. जेवताना बोलणं कमी झालं होतं. मुलगी सई पुण्याला अकरावीला गेल्यापासून घर शांत झालंय, म्हणून असेल, अशी वृषालीने स्वतःची समजूत घातली होती. आता ती समजूत तिला आठवली आणि स्वतःचाच राग आला.

त्या दिवसापासून ती पाळतीवर राहिली. दुसरा शब्द नाही त्याला.

दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट तिने ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवलं आणि ती एकेक गोळी हातावर द्यायला लागली. तो दाढी करायला बसला की तिला नेमकं त्याच वेळी आरसा पुसायचं सुचायचं. रजा वाढवून घेतली. सई फोनवर म्हणाली, "आई, बाबा कंटाळलेत तुला, माझ्याकडे तक्रार करत होते." वृषालीने लगेच विचारलं, "आणखी काय म्हणाले? कसा होता आवाज?" पलीकडून सई म्हणाली, "आवाज कसा म्हणजे? बाबांसारखा."

तीच तर पंचाईत होती. वृषालीला आता रणजितचा आवाज रणजितसारखा ऐकूच येईना. तो "पाणी दे" म्हणाला तरी ती थरथर शोधायची. 'दे' जरा लांबला का? मधे श्वास तुटला का? तो हसला तर वाटायचं, मला दाखवायला हसतोय. नाही हसला तर वाटायचं, बघा.

एका दुपारी तिने डाळिंब सोलता सोलता सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, गाडीत बसल्यावर तुम्ही काय म्हणता हो पहिल्यांदा?"

रणजितची नजर टीव्हीवर गेली. टीव्ही बंद होता.

"काय म्हणणार? गणपतीचं नाव घेतो."

"एवढंच?"

"मग काय आरती म्हणू? काय चाललंय तुझं?"

तो खोटं बोलत होता. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, एकापाठोपाठ एक, त्यात कुठेही गणपती नव्हता. डाळिंबाचे दाणे तिने त्याच्या पुढ्यात ठेवले आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. माणूस कधी खोटं बोलतो? लपवायचं असलं की. आणि हे कशासाठी लपवेल कुणी? परत बाहेर येऊन सरळ विचारावं, असं शंभरदा मनात आलं. पण मॅडमनी बजावलं होतं, रोग्याला कळू द्यायचं नाही, कळलं तर तो पुन्हा काही करून बसेल. म्हणून ती गप्प राहिली, आणि ती गप्प आहे हे बघून तोही गप्प राहायला लागला.

"गवा केवढा होता?" मधेच एकदा तिने विचारलं.

"सांगितलं की."

"शिंगं कशी होती?"

"शिंगांसारखी!" रणजित भडकला. "वृषाली, तू पोलीस आहेस का बायको आहेस?"

मधुरा खर्डेकर ठरल्याप्रमाणे पुन्हा आल्या. या वेळी मधलं दार वृषालीने स्वतःच लावलं. रणजित जेवून झोपला होता.

"मी विचारीन, तुम्ही फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं," मॅडमनी टॅबलेट तिच्यासमोर सरकवला.

"सही नको?"

"सही आता कुणी धरत नाही, ताई. आवाज धरतात."

"म्हणजे हाही कानच."

"हो, कानच आहे."

वृषाली त्या काळ्या काचेकडे बघत राहिली. 'नाही' म्हटलं आणि त्या 'नाही'त थरथर निघाली तर? नवऱ्यावर पांघरूण घालते म्हणून तिचाही जबाब बाद. 'हो' म्हटलं तर रणजित मरायला निघाला होता यावर तिच्याच तोंडून शिक्कामोर्तब. आणि खरं उत्तर 'हो'च होतं. बदल झाला होता.

"गेल्या काही महिन्यांत पतीच्या वागण्यात काही बदल जाणवला होता का?" मॅडमनी विचारलं. आतून रणजितच्या घोरण्याचा आवाज येत होता.

वृषालीने टॅबलेट परत मॅडमकडे सरकवला.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "उद्या चालेल ना?"

मॅडमना दया आली असावी. "उद्यापर्यंत थांबवते मी. त्यापुढे माझ्या हातात नाही." त्यांनी टॅबलेट पिशवीत घातला, चपला घातल्या, दारातून वळून म्हणाल्या, "येते हं, ताई. काळजी घ्या."

"या," वृषाली म्हणाली आणि रीतीप्रमाणे फाटकापर्यंत सोडायला गेली.

मॅडमची छोटी निळी गाडी उन्हात तापली होती, म्हणून त्यांनी बसल्याबसल्या काच खाली केली. दार लागलं. पट्टा खट्टकन अडकला. आणि समोर बघत, पर्स शेजारच्या सीटवर टाकता टाकता, मधुरा खर्डेकर म्हणाल्या, "जाते."

वृषाली वळलीच होती घराकडे. ती जागीच थांबली. मग धावत येऊन तिने उघड्या काचेतून हात घालून दरवाजाच धरला.

"काय म्हणालात?"

मॅडम दचकल्या. "कधी?"

"आत्ता. गाडीला काय म्हणालात?"

"जाते म्हणाले. का?"

"मला दारात 'येते' म्हणालात."

"तुम्हाला म्हणाले. हे तर गाडीला..." मॅडम बोलता बोलता थांबल्या.

"मॅडम," वृषालीने विचारलं, "तुम्ही मरायला निघालात का?"

मधुरा खर्डेकरांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा पडला. त्यांनी पट्टा सोडला. मग त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं, की वृषालीला आधी ते खरंच वाटेना. दिवाळीच्या सुमारास कंपनीने कानाला मराठी जास्त नीट शिकवलं. तेव्हापासून 'येते' म्हटलं की कान समजतो, हिला परत यायचंय. तो जायचं आणि यायचं, दोन्हीचं कवच लावतो, मधे गाडी दिवसभर सावलीत उभी असते त्याचाही हप्ता धरतो. 'जाते' म्हटलं की नुसतं जायचं. निम्म्याहून कमी पैसे.

"आमच्या ऑफिसात तर सगळेच म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "पहिल्यांदा जीभ अडखळायची. मग सवय झाली. आता लक्षातही येत नाही."

"आणि तुमच्या त्या दुसऱ्या कानाला हे कुणी सांगितलं नाही?"

"दर लावतो तो वेगळा विभाग. दावे तपासतो तो वेगळा. आमच्या यंत्राला शिकवलंय ते जुन्या आवाजांवर, दिवाळीआधीच्या." त्या पुटपुटल्या, "देवा रे. किती केस असतील अशा."

"तुमचा आत्ताचा 'जाते' टिपलाय ना त्याने? तोच पाठवा वर. आणि खाली उतरा, माझा जबाब आत्ताच घ्या."

जबाब तिने फाटकावर उभ्याउभ्या दिला. बदल जाणवला होता, हो. का, तेही कळलंय, हो. तिच्या आवाजात थरथर होतीच, पण ती आता कुणीही कशीही मोजावी.

घरात शिरली तेव्हा ती रडत होती की हसत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रणजित उठून बसला होता.

"हप्ता वाचवायला 'जातो' म्हणत होतात!" तिने दारातूनच सुरुवात केली. "आणि मला गणपती सांगितलात! माझा जीव टांगणीला लावलात, कशासाठी? चार पैशांसाठी?"

तिने सगळं सांगितलं. टॅबलेट, आवाज, गोळ्या, पिठाचा डबा. रणजित ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"तुला ते आवडलं नसतं म्हणून नाही सांगितलं," तो म्हणाला. "आणि पैसे वाचवतोय म्हटलं असतं तर का वाचवतोय हेही विचारलं असतंस. लॅबचं काही खरं नाही, वृषाली. चिपळूणचे दोघंच उरलेत. तेही सोडतील."

"मग संध्याकाळी निघताना पुन्हा कवच घ्यायचात ना? परतीचं?"

रणजित पांघरुणाच्या दशीशी चाळा करत बसला.

"घ्यायचात ना?"

"नाही घेत."

"म्हणजे?"

"परतताना सक्तीचं असतंच की. दुसऱ्या कुणाला लागलं तर त्याची सोय असते." तो सहज, हिशोब समजावून दिल्यासारखा बोलत होता. "जाताना गाडीत लोकांचे दात असतात, त्याला कवच पाहिजे. येताना काय, मी एकटाच असतो."

तिच्या मनावरचा दगड नुकताच उतरला होता, तो पुन्हा हळूच कुणीतरी ठेवला. यंत्राने चुकीचा शब्द धरला होता हे खरं. पण त्या शब्दाच्या मागे हे असं काहीतरी होतं, आणि हे कुठल्याच कानाने टिपलं नव्हतं. तिच्याही नाही.

"आणि गवा?" तिने अगदी हळू विचारलं.

"गवा होता." त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू माझ्या गोळ्या लपवत होतीस. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. सोळा वर्षं माझा आवाज ऐकतेयस तू. एका यंत्राने सांगितलं आणि तुला पटलं?"

पटलं होतं, हेच उत्तर होतं.

दावा मंजूर झाला. यंत्राने त्या शब्दाला दिलेले संशयाचे गुण वजा केल्यावर बाकीचं सगळं साध्या अपघातात बसत होतं. घाबरलेला माणूस, धुकं, न लागलेला ब्रेक. गवा होता की नव्हता, या भानगडीत कंपनी पडली नाही. मधुरा खर्डेकरांचा फोन आला. अशी बरीच प्रकरणं पुन्हा उघडली आहेत म्हणाल्या. कानाची दुरुस्तीही झाली होती. आता तो बोलण्यावरून अंदाज बांधणार नव्हता. सरळ विचारणार होता.

प्लास्टर निघालं, खांदा भरून आला, गाडी दुरुस्त होऊन आली. वृषालीने गोळ्यांचं उरलेलं पाकीट पिठाच्या डब्यातून काढून कपाटात नेहमीच्या जागी ठेवलं, आणि ठेवताना किती उरल्यात ते बघितलं. दोघं पुन्हा बोलायला लागली होती. भाजी काय आणायची, सई कधी येणार, गॅरेजवाल्याने रंग नीट मारला नाही. तो बोलत असताना मधेच थांबून तिच्याकडे बघायचा, ही ऐकतेय का तपासतेय म्हणून. ती ओशाळून नजर वळवायची.

पहिल्यांदा चिपळूणला निघायच्या दिवशी तिने त्याला डबा दिला. थंडी सरत आली होती, तरी घाटात सकाळचं धुकं असणार होतं. कवळ्यांची पेटी त्याने मागच्या सीटवर नीट पट्ट्याने बांधली. पेटी हलकी दिसत होती.

"येतो," तो दारात म्हणाला.

"या," ती म्हणाली, आणि तिने मनाशी ठरवलेलं असूनही फाटकापर्यंत गेलीच.

दार लागलं. पट्टा अडकला. त्याने काच खाली केली होती, तिला ऐकू यावं म्हणूनच केली असावी. समोरच्या पट्टीतून एक गोड, अनोळखी बाईचा आवाज आला.

"नमस्कार. परत येणार आहात का?"

रणजितने पट्टीकडे बघितलं. मग काचेतून वृषालीकडे. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते त्याच्या ओठांपर्यंत यायला जरा वेळ लागला. फार नाही. परतीचा हप्ता आठवला असेल. यंत्राने असं विचारावं याचं हसू आलं असेल. नाहीतर आणखी काही असेल.

"हो," तो म्हणाला.

"धन्यवाद. परतीसह कवच सुरू."

तिला हायसं वाटायला हवं होतं. परतीचं कवच त्याने घेतलं होतं, स्वतःसाठी, तिच्यादेखत. पण प्रश्न आणि उत्तराच्या मधली ती जागा यंत्राने मोजली असणार. तिनेही मोजली होती. आणि तिने मोजली हे रणजितने बघितलं.

तो तिच्याकडे बघून हसला, नेहमीसारखा, आणि त्याने काच वर केली.